पुन्हा विचारणे



तास संपत आला की मी फळ्याकडून वळतो आणि विचारतो, "काही शंका?" चाळीस चेहरे माझ्याकडे पाहतात. एकही हात वर होत नाही. मग मी विचारतो, "समजलं?" आणि चाळीस गळ्यांतून एकच आवाज येतो, "होय, सर!" ऐकायला फार बरे वाटते. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या की कळते, त्यातल्या निम्म्या जणांना समजलेले नव्हते आणि त्यातल्याही बऱ्याच जणांना आपल्याला समजले नाही हे ठाऊक होते.

याबद्दल मी कोणाला रागावत नाही, कारण मीही तेच केले आहे. तेसुद्धा गणवेश चढवून बरीच वर्षे झाल्यावर, आणि ज्या विषयाचा मी इतरांना सराव देत असे त्याच विषयात. ती गोष्ट तमिळनाडूतल्या कुंभकोणमची आहे. आजचा धडा तिच्यापासूनच सुरू करू.

एळे मुक्काल

मी सिग्नल्समध्ये होतो. माझा एक जोडीदार कुंभकोणमजवळच्या एका खेड्यातला. त्याच्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख तंजावरच्या एका रुग्णालयात ठरली होती आणि नेमकी त्याला रजा मिळत नव्हती. मी तेव्हा एका कोर्ससाठी मद्रासला होतो. कोर्स संपल्यावर तीन दिवस मोकळे होते. "तू पैसे आणि कागद तेवढे पोचव. आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या बसने जा, पहाटे त्यांना तंजावरला ने," तो म्हणाला. त्याने वडिलांनाही तसे पत्र टाकले. मोबाईल यायच्या आधीचे दिवस होते ते.

संध्याकाळी सव्वासात-साडेसातच्या दरम्यान मी कुंभकोणमच्या बसस्थानकावर पोचलो. गाड्यांच्या पाट्या तमिळमध्ये, मला एक अक्षर वाचता येत नव्हते. एका गाडीजवळ खाकी कपड्यातला माणूस उभा होता. मी त्याला गावाचे नाव सांगितले आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून विचारले, "टाइम?"

तो म्हणाला, "एळे मुक्काल."

दहापर्यंतचे तमिळ आकडे मला पलटणीतल्या मित्रांनी शिकवले होते. एळु म्हणजे सात. आणि 'मुक्काल'? माझ्या मराठी कानाने तो शब्द परस्पर 'मुक्काम' करून टाकला. आपल्या एसटीची मुक्कामी गाडी तुम्हाला माहीत आहे: संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून परत येते. मी हिशेब केला, की सातची मुक्कामी गाडी. घड्याळात सात वाजून वीस मिनिटे झाली होती. म्हणजे गाडी गेली.

मी म्हटले, "सरी, सरी." सरी म्हणजे ठीक. त्याने मान डावी-उजवीकडे झुलवली. तिकडे त्या हालचालीचा अर्थ 'हो' असा होतो, हे मला माहीत होते. मला समजले, असे त्याला वाटले. त्याला माझे म्हणणे समजले, असे मला वाटले. दोघेही समाधानाने आपापल्या दिशेला गेलो.

मी समोरच्या दुकानात कॉफी घेतली. कुंभकोणमची कॉफी प्रसिद्धच आहे. पितळी पेल्यात आणि खोलगट वाटीत ती वरखाली करत मी उभा होतो. पावणेआठ वाजता माझ्यासमोरची गाडी हॉर्न देऊन निघाली. ती अर्धी रिकामी होती. तीच माझी गाडी होती, हे मला रात्री कळले.

सांगितले लॉजच्या मालकाने. मी खोलीची किल्ली घेताना स्वतःशीच मराठीत पुटपुटत होतो. ते ऐकून त्या वयस्क गृहस्थांनी विचारले, "आपण महाराष्ट्रातले का?" शब्द मराठी, सूर पुरता तमिळ. मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी मेजावर बोटाने घड्याळ काढले. काल म्हणजे पाव. अरै म्हणजे अर्धा. मुक्काल म्हणजे तीन पाव, आपला पाऊण. म्हणून एळे काल म्हणजे सव्वासात, एळरै म्हणजे साडेसात आणि एळे मुक्काल म्हणजे सातावर पाऊण, पावणेआठ. आपण पावणेआठ म्हणताना पुढच्या तासाचे नाव घेतो आणि त्यातून पाव वजा करतो. तमिळ माणूस झालेल्या तासाचे नाव घेतो आणि त्यात पाऊण मिळवतो. घड्याळ एकच, वेळ एकच, पण नाव वेगळ्या तासाचे.

सकाळच्या पहिल्या बसने मी गावात पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. तंजावरला निघायची वेळ पहाटे पाचची होती. तारीख हुकली. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. म्हाताऱ्यांनी आदल्या रात्री थांब्यावर बसून शेवटच्या बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस न्याहाळला होता आणि मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेला तो माणूस अंधारात काठीने रस्ता चाचपत एकटा घरी गेला होता.

ते ओट्यावर बसले होते. रागावले नाहीत. एवढेच विचारले, "एन् केक्कलै?"

शेजारचा एक शाळकरी मुलगा मोडक्यातोडक्या इंग्रजीत दुभाष्याचे काम करत होता. तो आधी म्हणाला, "तुम्हाला ऐकू का आलं नाही, असं विचारतायत." मग थांबला, डोके खाजवले आणि म्हणाला, "नाही. तुम्ही विचारलं का नाही, असं."

एकच क्रियापद

मुलगा का अडखळला, हे मला नंतर कळले. तमिळमध्ये 'केळ्' या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: ऐकणे आणि विचारणे. 'केळ्वी' म्हणजे प्रश्न. आणि तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ ग्रंथात 'केळ्वी' नावाचे एक अख्खे प्रकरण आहे, ते मात्र ऐकण्याविषयीचे, ऐकून मिळणाऱ्या ज्ञानाविषयीचे. ज्याने नीट ऐकले तो विचारणारच आणि ज्याने विचारले नाही त्याने ऐकले असे कसे म्हणायचे? आपण मराठीत ही दोन कामे वेगळी समजतो. लहानपणापासून 'मोठ्यांचं ऐकावं' असे शिकतो आणि 'उलट विचारू नये' असेही शिकतो. त्यातून एक चुकीची समजूत पक्की होते, की न विचारणारा मुलगा आज्ञाधारक.

आज्ञा पाळायची तर ती आधी पूर्ण मिळाली पाहिजे. अर्धी मिळालेली आज्ञा पाळता येत नाही. उरलेली अर्धी आपण आपल्या मनाने भरतो आणि मग पाळतो ती आपलीच आज्ञा. मी 'मुक्काल'चा 'मुक्काम' केला तेव्हा नेमके हेच केले.

लॉजच्या मालकांबद्दल थोडे सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांना प्रश्न पडला असेल, की कुंभकोणममध्ये मराठी माणूस कुठून आला? शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. ते 1855 मध्ये इंग्रजांनी खालसा केले. पावणेदोनशेहून अधिक वर्षे कावेरीच्या खोऱ्यात राज्यकर्ते मराठी, प्रजा तमिळ, दरबारात तेलुगू आणि संस्कृतही, आणि पुढे इंग्रजी. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळची मोडी कागदपत्रे आजही आहेत. राज्य गेले तरी मराठी घरे तिथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषवलेले सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमलाच अशा एका मराठी घरात जन्मले. अनेक भाषांच्या मधोमध राहून कारभार करणाऱ्या अशा माणसांना 'म्हणजे काय?' हा प्रश्न रोज विचारावा लागला असणार. 'दुभाषी' हा आपला शब्द त्याच कामाचा आहे. आपल्याला सगळे समजते, असे मानून चालणाऱ्या माणसाला ते काम जमत नाही.

ओळखीचे शब्द जास्त फसवतात

अनोळखी शब्द आला की निदान आपण थांबतो. ओळखीचा वाटणारा शब्द आला की थांबतही नाही. कुंभकोणमच्या बाजारात मराठी माणसाची परीक्षा घेणारे असे बरेच शब्द आहेत.

कॉफीवाला विचारतो, "पाल वेणुमा?" त्याला विचारायचे असते, दूध हवे का? पाल म्हणजे दूध. मराठी माणूस मात्र आधी भिंतीकडे पाहतो. आणि छावणीत वाढलेला असेल तर त्याला तंबूही आठवेल, कारण आपल्याकडे पाल तोही आहे.

घरमालक दारात येऊन हसून म्हणतो, "वांग, वांग." तो भाजी विकत नाही. 'या, या' म्हणतो आहे.

तुम्ही गावाकडच्या सवयीने "नाय, नाय" म्हणालात तर समोरचा इकडेतिकडे कुत्रा शोधेल. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा.

आणि सगळ्यात मोठी गंमत आपल्या लाडक्या प्रश्नाची. काही समजले नाही की आपण म्हणतो, "काय?" तमिळमध्ये काय म्हणजे कच्चे फळ किंवा भाजी. पिकलेल्या केळ्याला वाळैप्पळम् म्हणतात आणि कच्च्याला वाळैक्काय. केळीवाल्यापुढे उभे राहून तुम्ही "काय? काय?" म्हणत राहिलात तर पिकलेला घड बाजूला ठेवून तो हिरवी केळी तुमच्या हातात ठेवेल, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

यावर हसून झाले, की थोडा विचार करा. महाराष्ट्रात, मराठी माणसाशी बोलतानासुद्धा, नुसता 'काय?' हा प्रश्न कितपत कामाचा आहे? समोरच्याने दोन मिनिटे काही समजावून सांगितले आणि तुम्ही म्हणालात, "काय?" त्याला काय कळणार? तुम्हाला ऐकू आले नाही, की शब्द कळला नाही, की पटले नाही? तो बहुधा तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणेल. तुमची अडचण जिथल्या तिथेच राहील.

चार अडचणी, चार प्रश्न

समजत नाही तेव्हा बहुतेक वेळा चारांपैकी एक अडचण असते. आपली अडचण कोणती, हे आधी स्वतःशी ठरवा. मग प्रश्न आपोआप नेमका होतो. प्रत्येकासोबत तमिळ वाक्यही देतो. पाठ करा, सेवेत गेलात तर तमिळ सोबती नक्की भेटतील.

पहिली अडचण: ऐकूच आले नाही. गोंगाट होता, वारा होता, बोलणारा भरभर बोलला. अशा वेळी म्हणावे, "ऐकू आलं नाही, पुन्हा एकदा सांगता का?" तमिळमध्ये: "केक्कलै. इन्नोरु तडवै सोल्लुंग." भरभर बोलणाऱ्याला: "कोंजम् मेदुवा पेसुंग," जरा हळू बोला. शेवटचा 'उंग' हा आदराचा, आपल्या 'सांगा, बोला'मधल्या 'आ'सारखा. तो विसरू नका.

दुसरी अडचण: ऐकू आले, पण शब्द कळला नाही. इथे तोच शब्द उचलून परत द्यावा. "मुक्काल म्हणजे काय?" तमिळमध्ये "मुक्काल्-ना एन्न?" आणि नुसते समजले नाही असे सांगायचे तर "पुरियलै". केक्कलै आणि पुरियलै यांत जो फरक आहे तोच 'ऐकू आलं नाही' आणि 'समजलं नाही' यांत आहे. समजले नाही तेव्हा 'ऐकू आलं नाही' म्हणणे ही भित्र्याची पळवाट आहे. तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकून आपण पहिल्याइतकेच कोरे राहतो, आणि तिसऱ्यांदा विचारायचा धीर होत नाही.

तिसरी अडचण: कळले, पण दोन अर्थ होतात. आपल्या मराठीतला 'परवा' घ्या. होऊन गेलेलाही परवा आणि येणाराही परवाच. "परवाचं पत्र दाखव" म्हटल्यावर कोणते दाखवणार? अशा वेळी दोन्ही अर्थ समोर मांडावेत आणि त्याला निवडू द्यावे. "सोमवारी आलेलं की शुक्रवारी पाठवायचं?" तमिळमध्ये दोन वस्तूंकडे बोट करून "इदुवा, अदुवा?" हे की ते? या प्रश्नाला 'हो' असे उत्तर देताच येत नाही, म्हणून हा प्रश्न चांगला.

चौथी अडचण: समजले असे वाटते, पण खात्री नाही. इथे प्रश्न विचारू नका, आपल्याला काय समजले ते बोलून दाखवा. "म्हणजे पावणेआठला, हीच गाडी. बरोबर ना?" तमिळमध्ये शेवटी "सरिया?" म्हणा. भाषा अजिबात येत नसेल तर घड्याळाच्या काचेवर बोटाने काटा दाखवा, कागदावर आकडा लिहा.

त्या संध्याकाळी मी हे चौथे केले असते तर? गाडीकडे आणि घड्याळावरच्या आकड्याकडे बोट करायला पाच सेकंद लागतात.

वायरलेसवरची पद्धत

मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती इथे. वायरलेसवर हीच पद्धत मी रोज शिकवत होतो.

वायरलेसवर ऐकणाऱ्याला संदेश नीट मिळाला नाही तर तो 'से अगेन' म्हणतो, पुन्हा सांग. 'रिपीट' हा शब्द अनेक सैन्यांत यासाठी वापरत नाहीत, कारण तोफखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुन्हा तसाच मारा कर' असा होतो. इंग्रजी नऊ 'नाइन' असे न म्हणता 'नाइनर' म्हणतात, कारण खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात. आणि सगळा संदेश पुन्हा मागायचीही गरज नसते. 'से अगेन, ऑल आफ्टर' म्हणून शेवटचा कळलेला शब्द सांगायचा. म्हणजे "पूल या शब्दानंतरचं सगळं पुन्हा सांग." इथवर पोचले, इथून पुढे हरवले, असे सांगणारा माणूस समोरच्याचा वेळ वाचवतो. शेवटी महत्त्वाचा हुकूम, आकडा किंवा ठिकाण ऐकणाऱ्याने स्वतः वाचून दाखवायचे. सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्यावरच तो हुकूम पोचला.

यात कोणाला अपमान वाटत नाही. जनरलचा संदेश असला तरी सिग्नलमन 'से अगेन' म्हणतो. न म्हटले तर तो दोषी. मग तेच आपण समोरासमोर का म्हणत नाही? माझे कारण मला माहीत आहे. बसस्थानकावर लोक पाहत होते, माझ्या अंगावर गणवेश होता आणि मी 'सरी, सरी' म्हणून बसलो होतो. एकदा समजल्याचे सोंग घेतले की ते उतरवणे जड जाते.

एक हात, एक अक्षर

अशा सोंगाची किंमत इतिहासात किती मोठी पडली आहे, याची दोन उदाहरणे देतो.

25 ऑक्टोबर 1854. क्रिमियातले बालाक्लाव्हा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन टेकडीवर होते. तिथून त्यांना दिसत होते, की शत्रू बाजूच्या उंचवट्यावरच्या, आपल्याकडून जिंकलेल्या तोफा ओढून नेतो आहे. त्या नेऊ देऊ नका, असा लेखी हुकूम त्यांनी घोडदळाला पाठवला. घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन खाली दरीत होते. तिथून त्या तोफा दिसत नव्हत्या. लुकनने विचारले, कोणत्या तोफा? हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने तोऱ्यात हात पसरून दरीच्या टोकाकडे दाखवले. तिथे रशियनांची भरलेली तोफांची रांग होती. लुकनने पुन्हा विचारले नाही. सुमारे 670 घोडेस्वार तीन बाजूंनी तोफा असलेल्या दरीत शिरले. शंभरहून अधिक मारले गेले, त्याहून जास्त जखमी झाले. पहिल्या मृतांमध्ये नोलन स्वतः होता.

लुकनने विचारले होते, हे लक्षात घ्या. पण हात हलवणे हे उत्तर नव्हे. उत्तर उद्धट मिळाले म्हणून प्रश्न मागे घ्यायचा नसतो. "त्या उंचवट्यावरच्या की दरीच्या टोकाच्या?" एवढे एक वाक्य हवे होते.

दुसरे उदाहरण घरचे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांचा हुकूम नारायणरावांना 'धरावे' असा होता आणि त्यातल्या ध चा मा होऊन 'मारावे' झाले, अशी आख्यायिका आपण ऐकत आलो. आनंदीबाईंनी ते केले की नाही, यावर इतिहासकारांत वाद आहेत. त्यात मी शिरत नाही. पण ती गोष्ट खरी धरली तरी एक प्रश्न उरतो. ज्याच्या हातात तो कागद पडला त्याने परत जाऊन "धरायचं की मारायचं?" असे विचारले असते तर? काही हुकूम असे असतात, की त्यांचा परिणाम परत घेता येत नाही. तिथे विचारण्याला उशीर म्हणत नाहीत.

कधी, कसे

आता तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, 'सर, परेडवर उस्तादांना असं विचारलं तर रगडा मिळेल.' बरोबर आहे. 'दाहिने मूड' ऐकल्यावर "दाहिने म्हणजे कोणती बाजू?" असे विचारायचे नसते. विचारण्याचीही वेळ असते. हुकूम मिळाल्यावर आणि काम सुरू होण्याआधी. हालचाल सुरू झाल्यावर थांबून विचारणे इतरांना धोक्याचे ठरू शकते, आणि काम बिघडल्यावर विचारणे म्हणजे सबब. सकाळी परेडवर गोंधळ झाला तर फॉल आऊटनंतर उस्तादांकडे जा, सावधान उभे राहा आणि सांगा, "उस्ताद, तिसऱ्या हुकमानंतर माझा पाय चुकला. तिथे वळायचं होतं की थांबायचं?" नेमक्या प्रश्नावर रागावलेला उस्ताद मी आजवर पाहिलेला नाही. 'काहीच कळलं नाही' यावर रागावलेले पुष्कळ पाहिले.

आणखी एक भेद ओळखा. समजून घेण्यासाठी विचारणे वेगळे आणि काम टाळण्यासाठी विचारणे वेगळे. "मैदानाला पाच फेऱ्या म्हणजे आतल्या रेषेने की बाहेरच्या?" हा पहिल्या जातीचा प्रश्न. "पाचच का?" हा दुसऱ्या जातीचा. दुसऱ्यालाही जागा आहे, पण ती धावून झाल्यावर.

प्रश्न साधा किंवा विचित्र वाटला तर मागे घेऊ नका. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलमध्ये शिकले. त्यांच्या शाळेतली एक गोष्ट सांगतात. गुरुजी शिकवत होते, की कोणत्याही संख्येला त्याच संख्येने भागले तर उत्तर एक. तीन फळे तीन मुलांना वाटली तर प्रत्येकाला एक. लहानग्या रामानुजनने विचारले, शून्य फळे शून्य मुलांना वाटली तर? वर्गातल्या बाकीच्यांना नियम समजला होता. त्याला नियम कुठे तुटतो ते दिसले. 'मला कळलं, पण इथपर्यंतच' असे सांगणारा प्रश्न सगळ्यात मोलाचा.

प्रशिक्षक आणि पालकांसाठी दोन शब्द

प्रशिक्षकांनो, 'समजलं का?' या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीच माहीत असते. त्याऐवजी एका छात्राला उभे करा आणि म्हणा, "आता काय करायचं आहे, ते तू यांना सांग." तो अडखळला तर आपले सांगणे कुठे तोकडे पडले ते कळते. आणि पहिला हात वर करणाऱ्याला वर्ग हसला तर हसणाऱ्यांपैकी एकाला तेच समजावून सांगायला लावा. मी हे करून पाहिले आहे. हसू फार लवकर थांबते.

पालकांनो, रविवारच्या फोनवर आपण विचारता, "कसा आहेस?" मुलगा म्हणतो, "बरा आहे." या 'बरा'मध्ये काहीही मावते. ताप येऊन गेलेला असतो, पहिली निवड हुकलेली असते, घरची आठवण येत असते. फोन ठेवायच्या आधी आणखी एकदा विचारा, पण नेमके. "रात्री झोप किती वाजता लागते?" "या आठवड्यात जेवायला कोणासोबत बसलास?" मुलाला उलटतपासणी वाटू न देता विचारलेला एक साधा प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो.

सराव

1. खालील सूचनांचे दोन-दोन अर्थ शोधा आणि अर्थ पक्का करण्यासाठी एकेक प्रश्न लिहा: "परवाची यादी आणून दे." "सहाच्या आधी सगळे मैदानात." "रमेश आणि सुरेशच्या मित्राला बोलाव."

2. आजच्या दिवसात तुम्ही 'हो' म्हणालात पण पुरते समजले नव्हते, असा एक प्रसंग आठवा. चारांपैकी कोणती अडचण होती? कोणता प्रश्न विचारायला हवा होता?

3. जोडीने बसा. एकाने शाळेच्या फाटकापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता सांगावा, दुसऱ्याने तो परत सांगून दाखवावा. चूक झाली तर ती सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, हे दोघांनी मिळून ठरवावे.

4. पावणेचार, सव्वादहा आणि साडेपाच या वेळा तमिळ पद्धतीने, म्हणजे झालेला तास आधी आणि त्यावर पाव, अर्धा किंवा पाऊण, अशा मराठीत सांगा.

5. पुढच्या तासाला मी "काही शंका?" असे विचारीन. प्रत्येकाने एक खरी शंका घेऊन यावे.